ताळेबंदापलीकडचे ऋण : बाल्झाकच्या 'सेझार बिरोतो' या कादंबरीतील दिवाळखोरी आणि ऋणफेड

प्रस्तावना

कर्ज घेणे, ते मुदतीत फेडता न येणे आणि अखेरीस धनकोंसमोर वह्या उघड्या करणे हा व्यापारी जीवनातील फार जुना अनुभव आहे. साहित्यात मात्र या अनुभवाचे चित्रण बहुधा दोन टोकांना झालेले आढळते. एका टोकाला कर्जबाजारी माणसाची दैना असते आणि दुसऱ्या टोकाला सावकाराचा निर्दयपणा. या दोहोंच्या मध्ये जो रुक्ष, कागदोपत्री, तरीही निर्णायक असा भाग असतो त्याकडे ललित लेखक सहसा वळत नाहीत. बुडालेल्या पेढीची मालमत्ता मोजणे, दावे तपासणे, कोणाला किती आणि कोणत्या क्रमाने द्यावयाचे हे ठरवणे, थोडक्यात अवसायनाची योजना आखणे, हा विषय कथेला प्रतिकूल मानला जातो. फ्रेंच कादंबरीकार ऑनोरे द बाल्झाक (१७९९-१८५०) हा या बाबतीत ठळक अपवाद होय. १८३७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेली त्याची 'सेझार बिरोतो' ही कादंबरी एका अत्तरविक्रेत्याच्या दिवाळखोरीची आणि ऋणफेडीची कथा आहे. 'सेझार बिरोतोच्या वैभवाचा आणि ऱ्हासाचा इतिहास' अशा अर्थाचे तिचे पूर्ण शीर्षक आहे आणि बाल्झाकच्या 'ला कोमेदी युमेन' या विशाल कादंबरीमालिकेत तिचा समावेश होतो.

या कादंबरीकडे सामान्यतः व्यापारी सचोटीची गाथा म्हणून पाहिले जाते. कायद्याने सुटका झाल्यावरही पै न् पै फेडणारा आणि अब्रू परत मिळताच प्राण सोडणारा नायक वाचकाच्या मनावर ठसतो, आणि लेखकाचीही तशीच इच्छा दिसते. प्रस्तुत लेखात या वाचनाची मर्यादा दाखवण्याचा प्रयत्न केला आहे. बिरोतोची सचोटी निर्विवाद आहे. परंतु केवळ सचोटीने कर्ज फिटत नाही, हे कादंबरीचा मध्यभागच सांगतो. कर्ज फिटते ते पियरो या निवृत्त लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने आखलेल्या शांत, वेळेवर केलेल्या आणि भावनेला बाजूला ठेवणाऱ्या योजनेमुळे. कादंबरीचे खरे सामर्थ्य या योजनेच्या चित्रणात आहे, तर तिचा शेवट त्या चित्रणाला काहीसा झाकून टाकतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

कथानकाची रूपरेषा

तूरेन प्रांतातून रिकाम्या हातांनी पॅरिसला आलेला सेझार बिरोतो 'ला रेन दे रोझ' या अत्तराच्या दुकानात नोकरीस लागतो आणि कालांतराने त्याचा मालक होतो. त्वचेचा लेप आणि चेहऱ्यासाठी वापरायचे पाणी या दोन उत्पादनांवर त्याची भरभराट होते. तो राजनिष्ठ आहे. १७९५ मध्ये सँ रॉक चर्चच्या पायऱ्यांवर बोनापार्टच्या सैन्याशी झालेल्या चकमकीत आपण जखमी झालो, हे तो येता-जाता सांगतो. १८१८ च्या अखेरीस त्याला 'लेजियाँ दॉनर' हा सन्मान मिळतो. त्याप्रीत्यर्थ तो राहत्या घराचा कायापालट करून मोठा नृत्यसमारंभ करतो. त्याच वेळी मादलेन परिसरातील जमिनींच्या सट्ट्यात तो उडी घेतो. या व्यवहारातील पैसा ज्याच्या हाती सोपवलेला असतो तो रोगँ नावाचा नोटरी रक्कम घेऊन पळून जातो. या कटामागे द्यु तिये हा बिरोतोचा जुना नोकर असतो. पूर्वी त्याने गल्ल्यातून तीन हजार फ्रँक चोरलेले असतात आणि बिरोतोने त्याला क्षमा केलेली असते. क्षमा करणाऱ्याचा सूड घेणारा हा माणूस आता बँकर झालेला आहे.

१८१९ च्या आरंभी बिरोतो ताळेबंद न्यायालयात दाखल करतो. धनकोंशी तडजोड होते. त्यानंतर सेझार, त्याची पत्नी कॉन्स्टान्स आणि मुलगी सेझारीन असे तिघेही नोकरी करू लागतात. सेझारीनवर प्रेम करणारा, पूर्वी बिरोतोच्याच दुकानात काम करणारा आन्सेल्म पोपिनो केसांच्या तेलाच्या धंद्यात यशस्वी होतो. १८२३ मध्ये सर्व कर्ज व्याजासह फिटते, न्यायालय बिरोतोची अब्रू पूर्ववत झाल्याचे जाहीर करते आणि त्याच दिवशी, पूर्वीच्या समारंभासारख्याच समारंभात, आनंदातिशयाने त्याचा मृत्यू होतो.

कायद्याची चौकट

या कादंबरीचे मर्म समजण्यासाठी तत्कालीन फ्रेंच कायदा ध्यानात घ्यावा लागतो. १८०७ च्या व्यापारसंहितेने दिवाळखोराला अत्यंत कठोरपणे वागवले होते. ताळेबंद सादर होताच व्यापाऱ्याचा आपल्या मालमत्तेवरील ताबा संपे. त्याला अटकेत वा पहाऱ्यात ठेवण्याची तरतूद होती. व्यापारी न्यायालय एका न्यायाधीशाकडे प्रकरणाची देखरेख सोपवी, तात्पुरता कारभारी नेमी आणि त्यानंतर धनकोंच्या वतीने 'सिंडिक' काम पाहत. दाव्यांची छाननी झाल्यावर धनकोंची सभा भरे. संख्येने बहुमत आणि रकमेने तीन चतुर्थांश धनको अनुकूल असतील तर 'कॉन्कॉर्दा' म्हणजे तडजोडीचा करार होई. या करारानुसार कर्जाचा ठरावीक अंश घेऊन धनको उरलेले सोडून देत.

येथे कायद्याने एक सूक्ष्म भेद राखून ठेवला होता. कराराने ऋणको कर्जातून सुटे. त्याची अब्रू मात्र सुटत नसे. मुद्दल, व्याज आणि खर्च यांची संपूर्ण फेड केल्याचे सिद्ध केल्याशिवाय त्याला पूर्ववत प्रतिष्ठा मिळत नसे आणि तोपर्यंत त्याला पॅरिसच्या शेअर बाजारात पाऊलही टाकता येत नसे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने एकाच कर्जाचे दोन हिशेब होते. एक धनकोंच्या सभेत मिटणारा, दुसरा आयुष्यभर उघडा राहणारा. बाल्झाकने आपली कादंबरी नेमकी या दोन हिशेबांमधील मोकळ्या जागेत उभी केली आहे.

तरुणपणी वकिलाच्या आणि नोटरीच्या कचेरीत उमेदवारी केलेल्या बाल्झाकला ही कार्यपद्धती आतून ठाऊक होती. कथा थांबवून तो दिवाळखोरीच्या कारवाईचे सविस्तर विवेचन करतो. मर्जीतले सिंडिक कसे नेमून घेतले जातात, खोटे धनको उभे करून बहुमत कसे तयार केले जाते, ज्याचे खरोखर नुकसान झाले तो लहान धनको सभेला येण्याचाही कंटाळा कसा करतो, हे तो उपरोधाने मांडतो. हे विवेचन कथेच्या ओघाला बाधक आहे असा आक्षेप घेता येईल. तो पूर्णतः ग्राह्य नाही. कायदा फसवणुकीला किती सोयीचा आहे हे वाचकाला आधी कळल्यामुळेच, त्याच कायद्याचा सरळ वापर करणारी माणसे पुढे भेटतात तेव्हा त्यांचे वेगळेपण जाणवते. हा कायदा फार काळ तसाच राहिला नाही, हेही लक्षणीय आहे. कादंबरी प्रसिद्ध झाल्यानंतर काही महिन्यांतच, २८ मे १८३८ रोजी, फ्रान्समध्ये दिवाळखोरीचा नवा कायदा संमत झाला.

गमावलेले दिवस

नोटरी पळाल्याचे कळल्यापासून ताळेबंद दाखल होईपर्यंतचे दिवस हा कादंबरीतील सर्वांत प्रभावी भाग होय. या दिवसांत बिरोतो सचोटीला धरून वागतो, पण शहाणपणाने वागत नाही. तो एका बँकेच्या दारातून दुसऱ्या बँकेच्या दारात जातो. केलर बंधू त्याला गोड बोलून परत पाठवतात. द्यु तिये त्याला न्यूसिंजेन या बड्या बँकरच्या नावे शिफारसपत्र देतो. परंतु सही करताना 'आय' या रोमन अक्षरावरील ठिपका मुद्दाम गाळतो. ही शिफारस मनावर घेऊ नये, अशी दोघांमधील ती खूण असते. एका ठिपक्याच्या अभावाने पेढीचे भवितव्य ठरते आणि ज्याचे भवितव्य ठरले त्याला ते कळतही नाही. पतपुरवठ्याच्या व्यवस्थेतील माहितीची विषमता याहून नेमकेपणाने दाखवणारा प्रसंग एकोणिसाव्या शतकातील कादंबरीत क्वचितच सापडेल.

या धावपळीची किंमत काय होती? बिरोतो प्रत्येक फेरीत आपली गरज उघड करतो आणि त्यामुळे पत आणखी घसरते. नवे कर्ज मिळाले असते तर जुन्या धनकोंत नव्यांची भर पडली असती आणि प्रत्येकाच्या वाट्याला कमी आले असते. तो ज्याला धडपड समजतो ती प्रत्यक्षात धनकोंच्या पैशाशी खेळलेली जोखीम आहे. त्याची नियत शुद्ध असल्यामुळे वाचकाला त्याची कणव येते. मात्र बुडणाऱ्या पेढीने कर्ज घेत राहणे हे नियतीच्या शुद्धतेवर समर्थनीय ठरत नाही. बाल्झाक हे उघडपणे म्हणत नाही, पण प्रसंगांची रचना तेच सांगते.

या संदर्भात कॉन्स्टान्सचे पात्र महत्त्वाचे आहे. आपणच फाटक्या वस्त्रांत आपल्याच दुकानाच्या दारात भीक मागत उभ्या आहोत, या दुःस्वप्नाने ती जागी होते आणि तेथेच कादंबरीचा आरंभ होतो. जमिनीच्या सट्ट्याला आणि समारंभाच्या खर्चाला तिचा पहिल्यापासून विरोध असतो. पेढीची खरी आर्थिक जाण तिला आहे; निर्णयाचा अधिकार मात्र पतीला आहे. दिवाळखोरीचे मूळ नोटरीच्या लबाडीइतकेच या अधिकाराच्या वाटणीतही आहे. सचोटीच्या गाथेत हा मुद्दा हरवतो.

पियरोची योजना

कॉन्स्टान्सचा काका पियरो कथेत फारसा बोलत नाही. तो प्रजासत्ताकवादी आहे, म्हणजे राजनिष्ठ बिरोतोच्या राजकीय मतांच्या अगदी विरुद्ध टोकाला उभा आहे. आयुष्यभर लोखंडी सामान विकून त्याने साधे निवृत्त जीवन पत्करले आहे. पेढी वाचणार नाही हे तो वह्या पाहून ओळखतो आणि त्या क्षणापासून सूत्रे हाती घेतो. त्याच्या कृतींचा क्रम पाहिला असता त्यातून अवसायनाची एक सुसंगत योजना उभी राहते.

पहिली गोष्ट, तो नवे कर्ज थांबवतो. संकटात सापडलेल्या बिरोतोला वाचवण्यासाठी पोपिनो आपल्या सहीच्या पन्नास हजार फ्रँकच्या हुंड्या आणून देतो. पियरो त्या तेथल्या तेथे नष्ट करतो. वरवर पाहता ही क्रूरता आहे. बुडणाऱ्या माणसाच्या हातातील दोर त्याने कापला असे वाटते. प्रत्यक्षात त्या दोराने दुसरा माणूसही बुडाला असता. पोपिनोची नवी पेढी वाचली म्हणूनच पुढे संपूर्ण फेड शक्य होते. चालता व्यवसाय बुडीत व्यवसायापासून अलग ठेवणे हे अवसायनाच्या योजनेतील पहिले पथ्य आहे आणि कादंबरीतील सर्वांत निर्णायक कृती हीच आहे.

दुसरी गोष्ट, तो दिरंगाई संपवतो. ताळेबंद सादर करण्याचा निर्णय बिरोतोला मरणप्राय वाटतो. पियरो त्याला धीर देतो, पण सूट देत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे काहीही दडवून न ठेवणे. घरातील माणसे सर्वस्व स्वाधीन करतात. सेझार आपले दागिने आणि दोन्ही घड्याळेसुद्धा देऊन टाकतो. ज्या काळात दिवाळे काढण्यापूर्वी संपत्ती पत्नीच्या वा स्नेह्याच्या नावे करणे ही सर्वमान्य चतुराई होती, त्या काळात हे वर्तन धनकोंना चकित करते. चौथी गोष्ट, कुटुंबाच्या उपजीविकेची सोय. पियरो त्यांना आपल्या घरी आसरा देतो, जेणेकरून मिळणारी प्रत्येक कमाई फेडीकडे वळू शकेल.

या योजनेचा परिणाम सभेत दिसतो. मोलिनो हा कुरकुऱ्या, किरकोळ हिशेबासाठी भांडणारा घरमालक धनकोंचा प्रतिनिधी म्हणून काम पाहतो. तोही अखेर या प्रकरणात वावगे शोधू शकत नाही. धनको करारास संमती देतात आणि बिरोतोविषयी आदर व्यक्त करतात. येथे मादाम मादू या बाजारातील सुकामेवा विकणाऱ्या बाईचाही उल्लेख करणे आवश्यक आहे. पैसे अडकल्याचे कळताच ती दुकानात येऊन आकाशपाताळ एक करते. परंतु समोरच्या कुटुंबाचे दुःख आणि प्रामाणिकपणा पाहून तीच विरघळते. या प्रसंगात विनोद आहे, तसाच एक गंभीर आशयही आहे. बड्या बँकरांच्या दृष्टीने बुडीत रक्कम हा धंद्यातील नित्याचा भाग असतो. हातावर पोट असलेल्या धनकोच्या दृष्टीने तो पुढच्या हंगामाच्या मालाचा प्रश्न असतो. तिचा आरडाओरडा असभ्य असला तरी तिचा दावा सभेतील कोणत्याही दाव्याइतकाच खरा आहे, हे बाल्झाक विसरू देत नाही.

अवसायनाचे दोन प्रकार

'सेझार बिरोतो'चे वाचन तिच्या जोडकथेशिवाय अपुरे राहते. १८३८ मध्ये प्रसिद्ध झालेली 'ला मेझों न्यूसिंजेन' ही दीर्घकथा याच विषयाची दुसरी बाजू दाखवते. बिरोतोला रिक्तहस्ते परत पाठवणारा न्यूसिंजेन स्वतः देणी थांबवून श्रीमंत झालेला आहे. तो पेढी बुडत असल्याचा देखावा निर्माण करतो, घाबरलेल्या धनकोंना रोकड रकमेऐवजी शंकास्पद मूल्याचे कागद देतो आणि भाव घसरल्यावर व वर गेल्यावर त्या चढउताराचा लाभ स्वतः घेतो. शेवटी त्याची प्रतिष्ठा कमी होत नाही, उलट वाढते.

या दोन्ही कृतींत बाह्य सामग्री एकच आहे. पत, हुंड्या, धनकोंची भीती आणि देणी भागवण्याची योजना या गोष्टी दोहींकडे आहेत. फरक योजनेच्या हेतूचा आहे. एका योजनेत धनको हे ध्येय आहे, दुसरीत ते साधन आहे. आणखी एक विदारक फरक असा की कायद्याची संपूर्ण यंत्रणा लहान व्यापाऱ्याच्या डोक्यावर कोसळते आणि मोठा बँकर त्या यंत्रणेच्या दाराशीही जात नाही. बिरोतो न्यायालयाच्या कक्षेत येतो म्हणून दिवाळखोर ठरतो. न्यूसिंजेन त्या कक्षेबाहेर राहतो म्हणून मुत्सद्दी ठरतो. या दोन कृती शेजारी ठेवल्या असता बाल्झाकची भूमिका केवळ नीतिबोधाची राहत नाही, ती व्यवस्थेच्या चिकित्सेपर्यंत पोहोचते.

या चिकित्सेला लेखकाच्या अनुभवाचीही पार्श्वभूमी आहे. बाल्झाकने १८२५ पासून प्रकाशन, मुद्रण आणि टंक ओतण्याचा कारखाना अशा व्यवसायांत हात घातला होता. १८२८ मध्ये ते कोसळले. त्याच्या एका नातलगाने अवसायनाचे काम हाती घेतले आणि औपचारिक दिवाळखोरी टळली. कर्जाचा मोठा भार त्याच्या आईवर पडला. टंक ओतण्याचा कारखाना मादाम द बर्नी यांच्या मुलाकडे गेला आणि त्याने तो यशस्वीपणे चालवला. नातलगाने केलेले नियोजन आणि बुडीत धंद्यातून वाचलेला एक जिवंत भाग, ही दोन्ही सूत्रे कादंबरीत पुन्हा भेटतात. चरित्र आणि कादंबरी यांचे एकास एक नाते लावणे योग्य नसले तरी पियरोच्या पात्रातील विश्वासार्हतेचा उगम येथे असण्याची शक्यता नाकारता येत नाही. स्वतः बाल्झाकला मात्र आयुष्यभर कर्जाने सोडले नाही.

किंमत आणि शेवट

फेडीच्या वर्षांत बिरोतो फाटके कपडे वापरतो, कोणतीही करमणूक टाळतो आणि खिशातील प्रत्येक नाणे धनकोंचे मानतो. त्याला नोकरी मिळते ती सरकारी कर्जाची फेड सांभाळणाऱ्या कचेरीत. राष्ट्राच्या कर्जाचे हिशेब लिहिणारा माणूस स्वतःच्या कर्जाचा हिशेब पूर्ण करत आहे, ही विसंगती बाल्झाकने कोठेही अधोरेखित केलेली नाही, म्हणून ती अधिक परिणामकारक ठरते. कॉन्स्टान्स पोपिनोच्या पेढीत वह्या सांभाळते. सेझारीन एका मोठ्या कापडाच्या दुकानात नोकरी करते. ज्या निर्णयात त्यांचा वाटा नव्हता त्याची फेड या दोघी करतात आणि शेवटी सन्मान होतो तो एकट्या सेझारचा.

फेडीचा पैसा कोठून आला, हा प्रश्नही टाळता येत नाही. तिघांचे पगार आणि राजाने आपल्या खाजगी रकमेतून पाठवलेले सहा हजार फ्रँक यांनी एवढे कर्ज फिटले नसते. पोपिनोच्या तेलाचा आधार नसता तर हा हिशेब पूर्ण झाला नसता. आणि हे तेल कसे खपते? व्होकलँ हा ख्यातनाम रसायनशास्त्रज्ञ बिरोतो व पोपिनो यांना स्पष्टपणे सांगतो की कोणतेही तेल केस उगवू शकत नाही. तरीही शास्त्राचा आधार घेणारे चतुर जाहिरातपत्रक, वृत्तपत्रांतील मजकूर आणि गोदिसार या फिरत्या विक्रेत्याची वाणी यांच्या बळावर तेल घरोघर पोहोचते. एका बाजूला धनकोंच्या पैशाबाबत टोकाची सचोटी आणि दुसऱ्या बाजूला ग्राहकाच्या भोळेपणावर उभा असलेला नफा, असे हे चित्र आहे. धनकोला दिलेला शब्द पवित्र आणि ग्राहकाला दिलेला शब्द सैल, ही तत्कालीन व्यापारनीतीची दरी कादंबरीत स्पष्ट दिसते. लेखकाने ती पाहिली आहे, परंतु तिचा जाब विचारलेला नाही.

म्हणूनच शेवटाबद्दल आक्षेप उरतो. न्यायालयातील गौरवपर भाषण, शेअर बाजारात पुन्हा प्रवेश, पूर्ववत सजवलेले घर, नायकाच्या मनात घुमणारा बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचा अंतिम भाग आणि त्या सुरांत आलेला मृत्यू, यांमुळे बिरोतोला हुतात्म्याचे रूप येते. प्रसंग भव्य आहे, पण तो कादंबरीने कष्टाने कमावलेल्या ज्ञानापासून दूर जातो. फेड ही अनेकांच्या श्रमाची, संयमाची आणि नियोजनाची निष्पत्ती होती. शेवटात ती एका संतवृत्तीच्या माणसाची चमत्कारासारखी सिद्धी वाटू लागते. पियरो त्या खोलीत उपस्थित आहे, पण प्रकाश त्याच्यावर नाही.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने

मराठीत 'दिवाळे' या शब्दाचा संबंध परंपरेने दिव्याशी जोडला जातो. भर दिवसा दुकानात दिवा लावणे ही पेढी बुडाल्याची जाहीर खूण मानली जाई. बिरोतोला शेअर बाजाराची बंद झालेली दारे आणि हा दिवसाचा दिवा यांत एक साम्य आहे. दोन्ही ठिकाणी कर्ज बुडणे हा खाजगी व्यवहार राहत नाही, ती सार्वजनिक अवस्था होते. वडिलांचे ऋण मुलाने फेडणे हे पवित्र कर्तव्य होय, ही हिंदू विधीतील कल्पनाही येथे आठवते. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार सुधारणा कायद्याने त्यानंतरच्या कर्जांबाबत केवळ या कर्तव्याच्या आधारावर मुलगा, नातू वा पणतू यांच्याकडून वसुलीचा हक्क मान्य करणे थांबवले. सेझारीनवर फ्रेंच कायद्याने असे कोणतेही बंधन टाकलेले नव्हते; ते तिने स्वतः उचलले. कायद्याने काढून टाकलेला भार मन वाहत राहते, याचे हे उदाहरण आहे.

आजच्या कंपनीची स्थिती मुळातच वेगळी आहे. बिरोतो आणि त्याची पेढी यांत कायदेशीर भेद नव्हता. मर्यादित दायित्वाच्या कंपनीत मालकाची जबाबदारी भांडवलापुरती असते. भारताच्या २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने अवसायनातील रकमेच्या वाटपाचा क्रम कलम ५३ मध्ये निश्चित केला. प्रथम प्रक्रियेचा व अवसायनाचा खर्च; त्यानंतर कामगारांची चोवीस महिन्यांची थकबाकी आणि तारणावरील हक्क सोडून देणारे सुरक्षित धनको समान पातळीवर; इतर कर्मचाऱ्यांचे वेतन आणि विनातारण वित्तीय धनको त्यानंतर. माल पुरवणारा किरकोळ व्यापारी, म्हणजे आजची मादाम मादू, बराच खाली येतो. शेवटी कंपनी विसर्जित होते आणि न फिटलेले कर्ज तिच्याबरोबर संपते. कंपनीला अब्रू परत मिळवण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण ती उरलेलीच नसते.

ही सोय उद्योगासाठी आवश्यक आहे, यात संशय नाही. प्रत्येक अपयशी उद्योजकाने बिरोतोसारखे आयुष्य जाळावे अशी अपेक्षा अमानुष ठरेल. तथापि बाल्झाकच्या काळातील दोन हिशेबांपैकी दुसरा हिशेब आता कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न शिल्लक राहतो. महाराष्ट्रातील वाचकाला 'अवसायन' हा शब्द सहकारी संस्था आणि बँका यांच्या संदर्भात चांगला परिचित आहे. तेथे रांगेत उभा असलेला ठेवीदार कलमांचा क्रम वाचत नाही. आपला पैसा कोणी, केव्हा आणि कशासाठी धोक्यात घातला, हे तो विचारतो. बुडणे लक्षात आल्यापासून ते जाहीर करेपर्यंतचे दिवस कसे घालवले गेले, यावर त्याच्या वाट्याला येणारी रक्कम बरीचशी अवलंबून असते. नेमके हेच दिवस बाल्झाकने कादंबरीच्या केंद्रस्थानी ठेवले आहेत.

निष्कर्ष

'सेझार बिरोतो' ही कादंबरी सचोटीचा गौरव करते, परंतु तिचा टिकाऊ आशय त्या गौरवाहून व्यापक आहे. दिवाळखोरीत हेतूची शुद्धता आवश्यक असली तरी पुरेशी नसते. वेळेवर थांबणे, बुडीत आणि जिवंत यांत भेद करणे, काहीही न दडवणे आणि लहान-मोठ्या धनकोंना सारख्याच आदराने सामोरे जाणे, या चार गोष्टींनी फेड शक्य होते, आणि कादंबरीत त्या पियरोच्या रूपाने साकार झाल्या आहेत. कादंबरीचा शेवट भावनेच्या बाजूने झुकतो, स्त्रियांचे श्रम पार्श्वभूमीला टाकतो आणि नफ्याच्या उगमाविषयी मौन बाळगतो, या तिच्या उणिवा होत. तरीही कर्ज हा आकडा असतो आणि त्याच वेळी दिलेला शब्दही असतो, हे द्वैत इतक्या तपशिलाने आणि कायद्याच्या इतक्या जाणकारीने उलगडणारी दुसरी कादंबरी सहजासहजी सापडत नाही. वाणिज्य आणि साहित्य या दोन्ही विद्याशाखांच्या अध्यापकांनी ती एकत्र वाचावी, असे तिचे स्वरूप आहे. वाणिज्याच्या अध्यापकाला तिच्यात कलमांमागची माणसे भेटतील, आणि साहित्याच्या अध्यापकाला माणसांच्या नशिबामागची कलमे.